पान अठरा, पान एकसष्ट

६ मार्च

धाकट्या,

काल तिसऱ्यांदा फोन केला. मामीने उचलला आणि "तो बाहेर गेलाय गं" म्हणाली, तेव्हा तिच्या मागे तू खोकत होतास. मामीला खोटं बोलता येत नाही आणि तुला खोकला दाबता येत नाही, म्हणून आता हे पत्र. हे उघडलं नाहीस तरी टेबलावर पडून राहील. फोनसारखं वाजून गप्प बसणार नाही.

आई बरी आहे. माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि पाठ फिरवते.

आधी कामाचं. आपल्या शीतगृहातल्या अपघाताची चौकशी चोवीस तारखेला सकाळी अकरा वाजता, वरच्या बैठकीच्या खोलीत. समोर तिघं असतील: आपले मॅनेजरसाहेब, मुख्य कचेरीचे इंजिनिअर आणि सरकारी तपासणीच्या बाई. तू आला नाहीस तर तुझ्या माघारी निकाल लावतील. आरोप असा आहे, की मशीनच्या माहितीपुस्तकात सूचना स्पष्ट असताना तू ती पाळली नाहीस आणि त्यामुळे तुझ्या जोडीच्या पैलवानाच्या डोळ्यांना इजा झाली. हे सिद्ध झालं तर नोकरी जाईलच, वर पोलिसात प्रकरण जाईल. मी तुला घाबरवत नाहीये. घाबरण्यासारखंच आहे.

आता तुझा राग. तू का बोलत नाहीस हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. अपघातानंतर दोन दिवसांनी साहेबांच्या केबिनमध्ये आपण सगळे उभे होतो. तू म्हणालास, "साहेब, मी पुस्तक बघितलं. गळती, पान अठरा. तिथे लिहिलंय तेच केलं." रजिस्टरमध्येही तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात तेच होतं: 'गळती, पान १८, दुपारी १.१०.' साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही कचेरीतल्या. जरा बघा बरं, पुस्तकात खरंच दुसरं काही नाही का?"

आणि मी पुस्तक उघडलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. पान एकसष्टवर बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं: "दाबात अनपेक्षित घट झाल्यास व वायूची तीव्र जाणीव झाल्यास तत्काळ खोलीबाहेर यावे, बाहेरील भिंतीवरील लाल चाक फिरवून मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, मुखवटा धारण केल्याशिवाय आत जाऊ नये." कुणीतरी "हे तर इथंच आहे की!" म्हणालं. तू डबा उचललास आणि चालू लागलास. फाटकापाशी मी हाक मारली, तर मागे वळूनही पाहिलं नाहीस.

मी काय करायला हवं होतं? जे पुस्तकात आहे ते नाही म्हणायचं? उचलली जीभ लावली टाळ्याला असं झालं, हे मान्य. पण पान काही मी छापलं नव्हतं त्या क्षणी.

चोवीस तारखेला ये. आणि डॉक्टरकडे जा. तो खोकला साधा नाही.

तुझी ताई


९ मार्च

धाकट्या,

आज पैलवानाला बघायला दवाखान्यात गेले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. पलंग त्याला आखूड पडतो, पाय बाहेर लोंबत होते. माझा आवाज ऐकून म्हणाला, "कोण, ताई? या, बसा. दिसत नाही तेवढंच, बाकी गडी ठणठणीत." त्याची बायको बाजूला बसून त्याच्या दाढीतला भात वेचत होती. ती हसली नाही.

उजवा डोळा वाचेल म्हणतात. डाव्याचं सांगता येत नाही.

मी त्याला विचारलं, नेमकं काय झालं. जे त्याने सांगितलं ते तू केबिनमध्ये का नाही सांगितलंस, मूर्खा? जेवणाची सुट्टी होती. मशीनच्या खोलीत अमोनियाचा वास थोडा नेहमीच असतो, त्या दिवशी जास्त होता, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तू त्याला म्हणालास, "थांब, पुस्तक बघतो." दारात उभं राहून मागच्या सूचीवरून बोट फिरवलंस. "सापडलं!" ओरडलास. वाचलंस: "गळती दिसल्यास सांध्याचा नट हाताने अथवा स्पॅनरने आवळावा." मग तो स्पॅनर घेऊन आत गेला.

इथपर्यंत मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. तो आत कोसळला, तेव्हा तू तोंडाला नुसता रुमाल बांधून त्याच्या मागे गेलास आणि त्याला, त्या एवढ्या धुडाला, काखेत हात घालून बाहेर ओढलंस. "तुमचा भाऊ नसता तर मी आज इथेही नसतो," पैलवान म्हणाला. "त्याला सांगा, मला राग नाही. पुस्तकाने सांगितलं, मी गेलो." त्याची बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मला आहे राग," ती म्हणाली. "कुणावर ते अजून ठरलं नाही."

मी लवकर उठले तिथून.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. 'सदर पुस्तिका परिपूर्ण असून कोणाही साक्षर कामगारास त्यातील माहिती सहज सापडू शकते.' खाली माझं नाव, सहीसाठी रेघ. "औपचारिकता आहे," म्हणाले. "तुम्ही एका मिनिटात शोधून दाखवलंतच की." मी कागद घरी वाचायला आणलाय. माझ्यासमोर आहे आत्ता.

ताई


१५ मार्च

धाकट्या,

सही केली. मंगळवारीच केली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. साहेब दाराशी उभे होते, घड्याळाकडे बघत होते, आणि मी वीस वर्षं त्या खुर्चीत काढली आहेत. ही कारणं झाली. खरं कारण पुढे लिहिते, पण आधी जरा मागे जावं लागेल.

तुला आठवतं, तू चौथीत होतास आणि तुझा गृहपाठ माझ्या गळ्यात पडला होता? आई कामावर, मला माझा अभ्यास, आणि तू प्रत्येक प्रश्नाला "ताई, हे कुठे आहे?" मी वैतागले आणि तुला युक्ती शिकवली. प्रश्नातला मोठा शब्द पकड, पट्टी धड्यावर ठेवून खाली सरकवत जा, शब्द दिसला की थांब, ती ओळ उतरवून काढ. झालं. धडा वाचायचीही गरज नाही. तू खूश, मी खूश. 'राजा दुःखी का झाला?' याचं उत्तर तू लिहिलंस, 'राजा दुःखी झाला.' गुरुजींनी अक्षरासाठी अर्धा मार्क दिला. आणि एकदा 'या धड्याचे तात्पर्य काय?' याच्यापुढे लिहून आलास, 'तात्पर्य धड्यात सापडले नाही.' आठवडाभर घरात हसलो आम्ही. तूही हसलास, पण तुला कशाला हसतोय ते कळलं नव्हतं. मला तेव्हाच दिसलं होतं ते.

पुढे तू पास होत गेलास. पेपर असा वाचायचास की रेडिओ लावल्यासारखं वाटावं. आई शेजाऱ्यांना बोलवायची ऐकायला. वाचून झाल्यावर "काय म्हणतोय रे?" असं तुला कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. आणि जानेवारीत मशीनच्या खोलीसाठी माणूस हवा होता, तेव्हा मीच साहेबांना म्हणाले, "माझ्या भावाला माल चढवण्यावरून तिकडे घ्या. वाचायला हुशार आहे." तिथलं शिक्षण म्हणजे काय, तर दारावरची ती पाटी: 'आधी पुस्तक, मग फोन.' पान शोधून रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय इंजिनिअरला फोन केला की दंड. सात आठवडे तू अगदी नियमाने पानं लिहीत होतास.

आता ते कारण.

ते पुस्तक मी टाईप केलं आहे. तेव्हाचा इंजिनिअर, जो पुढे नोकरी सोडून गेला, त्याच्या जडबंबाळ भाषेत सांगत गेला, मी बडवत गेले. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, मागे सूची लावा, उद्या छपाईला द्यायचंय. एका संध्याकाळीत एकशेदहा पानांची सूची. मी काय केलं असेल सांग? पट्टी घेतली. प्रत्येक पानावरून खाली सरकवत गेले आणि मोठा शब्द दिसला की थांबले. तेलाच्या प्रकरणात 'गळती' दिसलं: गळती, १८. वायूच्या प्रकरणात इंजिनिअरने गळती हा शब्दच वापरला नव्हता, म्हणून तिथे 'दाबात अनपेक्षित घट, ६१'. मी त्या पानाचा अर्थ लावला असता तर मला कळलं असतं, की ही गळतीच आहे आणि माणूस घाईत 'गळती'च शोधणार. मी अर्थ लावला नाही. पट्टी सरकवली.

केबिनमध्ये एका मिनिटात मी काहीही शोधलं नव्हतं. मला पान पाठ होतं.

म्हणजे तू पुस्तकात जे केलंस ते मी शिकवलेलं होतं, आणि ज्या पुस्तकात केलंस तेही मीच तसं करून ठेवलेलं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. हे साहेबांना माहीत नाही. सूची इंजिनिअरने केली असं त्यांना वाटतं, आणि मी तसं वाटू दिलंय.

नऊ दिवस राहिले. सांगितलं तर नोकरी माझी जाते, आईचं औषधपाणी त्यावर चालतं. नाही सांगितलं तर तू जातोस. रोज सकाळी ठरवते आणि कचेरीच्या जिन्यात ठरवलेलं मोडते. तू ये रे. तू समोर बसलास तर मला गप्प बसता येणार नाही.

ताई


२५ मार्च

धाकट्या,

तू आला नाहीस. अकराला पाच मिनिटं असेपर्यंत मी खिडकीतून फाटक बघत होते.

आई आली होती. न सांगता. बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. शिपायाने "आजी, कुणाला भेटायचंय?" विचारलं तर म्हणाली, "दोघांना."

आत तिघं टेबलापलीकडे. तपासणीच्या बाई माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीला, समोर तुझं रजिस्टर उघडं. साहेबांनी माझा सही केलेला कागद वाचून दाखवला आणि म्हणाले, "बाई स्वतः त्याच्या सख्ख्या बहीण आहेत, म्हणजे पक्षपाताचा प्रश्नच नाही." बाईंनी मला विचारलं, "हे तुमचंच म्हणणं?"

मी म्हटलं, "सही माझी आहे. म्हणणं मागे घेते."

साहेबांनी मान अशी वळवली की खुर्ची करकरली. मी थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबलेच नाही. म्हटलं, "पान एकसष्ट आता सगळ्यांना माहीत आहे, कारण मी दाखवलं. मी दुसरं विचारते. तुमच्या तिघांपुढे पुस्तक आहे. माणूस थंड खोलीत अडकलाय, दार बाहेरून लागलंय, तो आतून ठोकतोय. त्याला सुटायचा मार्ग पुस्तकात दिलाय. सांगा काय करायचं. भिंतीवर घड्याळ आहे."

"हा काय पोरखेळ आहे?" साहेब म्हणाले.

"असू द्या," बाई म्हणाल्या आणि चष्मा लावला.

तिघांनीही पुस्तक मागून उघडलं. तिघांचीही बोटं सूचीवरून खाली सरकू लागली. धाकट्या, तुझंच बोट तीन वेळा दिसलं मला. 'माणूस' नाही. 'दार' नाही. मग इंजिनिअर "हे घ्या!" म्हणाले. "अडकणे, तेहतीस!" पान काढलं आणि घडाघडा वाचलं, "पट्टा अडकल्यास मोटर बंद करून पट्टा मागे ओढावा..." आणि तिथेच थांबले. बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. इंजिनिअर एकेक पान पुढून उलटू लागले. साहेब तेच तेच पान परत बघत होते. चार मिनिटं. सहा मिनिटं. नवव्या मिनिटाला बाईंनी पुस्तक मिटलं.

"आतलं तापमान किती असतं?" त्यांनी विचारलं.

"उणे वीस," इंजिनिअर म्हणाले.

"कुठे आहे ते?"

"पान सत्तेचाळीस," मी म्हटलं. "नित्य देखभाल या प्रकरणात. बिजागरीला तेल कधी द्यावं त्याच्या खाली. आतल्या बाजूला जमिनीपासून हातभर उंचीवर हिरवी मूठ असते, ती ढकलली की दार सुटतं. त्या ओळीत ना 'माणूस' आहे ना 'अडकणे'. वाक्य समजून वाचलं तरच ते माणसाबद्दल आहे हे कळतं. आणि सूचीत ते नाही, कारण सूची करणारीने समजून वाचलं नव्हतं."

"कुणी केली सूची?"

"मी."

साहेब म्हणाले, "मला हे आजच कळतंय." खरं होतं ते.

"तुम्ही इतके दिवस का बोलला नाहीत?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "बोलल्यावर नोकरी जाणार होती म्हणून. आणि भावाला वाचता येत नाही असं लोकांना वाटलं तर माझ्याकडे कुणी बघणार नव्हतं म्हणून." हे दुसरं वाक्य मी ठरवून गेले नव्हते. ते आपसूक बाहेर पडलं. बाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग तुझ्या रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हणजे या माणसाने पाटीवरचा नियम अक्षरशः पाळला. पुस्तक बघितलं, पान लिहिलं, पानावरचं केलं. आणि आधी फोन केला असता तर त्याला दंड होता."

तू मागून आत गेलास, पैलवानाला ओढून काढलंस, तेही सांगितलं मी. त्यांनी लिहून घेतलं.

निकाल पंधरा दिवसांत. बाहेर आले तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं. "सांगितलंस?" विचारलं. मी मान हलवली. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. कितीतरी दिवसांनी तिने मला आपणहून काही दिलं.

ताई


११ एप्रिल

धाकट्या,

मला माफ कर.

हे पहिल्याच ओळीत लिहिलं आहे, तुला शोधावं लागू नये म्हणून.

तुझं कार्ड काल आलं. सुंदर अक्षर, दोन ओळी: 'चारही पत्रे शोधली. माफी कुठे सापडली नाही.' वाचून मी आधी चिडले, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. बसले आणि लिहून काढलं, 'शब्द काय शोधतोस गाढवा, सगळं पत्र समजून वाच, माफी पानापानावर आहे.' लिहून झाल्यावर ते परत वाचलं. साहेबांचं वाक्य होतं ते. 'पुस्तकात सगळं आहे, त्याला सापडलं नाही त्याला आम्ही काय करणार.' फाडून टाकलं. तुला ते पानापानावर दिसलं नसेल, तर ते मी लिहिलेलं नाही. आणि खरं सांगू? मीही काल ती चारही पत्रं मनातल्या मनात परत वाचली. त्यात कारणं आहेत. माझी हुशारी आहे. चौकशीत मी कशी बोलले ते आहे. तू बरोबर शोधलंस.

निकाल लागला. तुझ्यावरचा आरोप काढलाय. पोलिसात काही जाणार नाही. महिनाभर माणसाकडून शिकून घेतल्यावर मशीनच्या खोलीत परत येऊ शकतोस, किंवा माल चढवण्यावर, तुझी मर्जी. दारावरची पाटी काढली. भिंतीवर तिच्या मापाचा पांढरा चौकोन राहिलाय. मला एक जूनपासून कामावर यायचं नाही. तोपर्यंत सूची नव्याने करायची, असं बाईंनी लेखी घातलंय, आणि एकटीने करायची नाही. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन माल चढवणाऱ्यांच्यात बसते. "वायू सुटला तर तुम्ही काय शोधाल?" विचारते. एक म्हणतो, वास. दुसरा म्हणतो, डोळे झोंबले. पैलवान उजव्या डोळ्याने बघत बसलेला असतो, डाव्याला काळी काच, तो म्हणाला, "मी 'पळा' शोधेन." तेही लिहिलं. सगळ्यांपुढे एकसष्ट. मग एकेक पान त्यांना वाचून दाखवते आणि विचारते, काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा. तुला हे मी चौथीत विचारायला हवं होतं. आता येऊन बसलास तर आता विचारीन. तू चिडशील, मीही चिडेन, पण पट्टी हातात घेणार नाही.

या पत्रालाही सूची जोडली आहे. यावेळी समजून केली आहे.

ताई

सूची

आई, बोलायला लागली आहे, रोज तुझी खोली झाडते : चौथं पत्र, शेवट

खोकला, डॉक्टर, 'आजच जा' : पहिलं पत्र, मामीलाही फोन केला आहे

गळती, वास, डोळे झोंबणे, पळा : पान एकसष्ट

पैलवान, जीव वाचवला, कुणी : तू. दुसरं पत्र

माफी, ताईची, धाकट्याकडे : पाचवं पत्र, पहिली ओळ. आधीच्या चार पत्रांत नाही. असायला हवी होती.